जयंती : तारखेची आणि कार्याची

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मालेत आम्ही काही बोलावे, अशी आज्ञा कार्यकारिणीने केली, तेव्हा विषय कोणता, असे आम्ही विचारले. उत्तर मिळाले, ‘विषय तुम्हीच ठरवा, फक्त फार लांबवू नका.’ केंद्र सरकारच्या नोकरीत उभी हयात घालविलेल्या माणसाला टिपणे लिहिण्याची सवय असते, व्याख्याने देण्याची नसते. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता आपण हे एक टिपणच समजून ऐकावे. विषय आम्ही दूरचा शोधला नाही. तो या सभागृहाच्या भिंतीवरच टांगलेला आहे.

या तसबिरी आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. गेली पन्नास वर्षे मंडळ यांच्या जयंत्या साजऱ्या करीत आले आहे. तसबीर पुसावी, हार घालावा, उदबत्ती लावावी, कोणीतरी चार शब्द बोलावे आणि मग चिवडा व चहा, हा आपला परिपाठ. आम्ही स्वतः सहा वर्षे चिटणीस होतो. त्यामुळे या परिपाठाचे श्रेय आणि दोष या दोहोंतही आमचा वाटा आहे.

त्यातील दोष आम्हाला कळला तो एका लहान मुलीमुळे. लोकमान्य टिळकांची जयंती होती. आम्ही उभे राहिलो आणि सांगितले, की लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. पुढे काही बोलणार, तोच पहिल्या रांगेतील एक दहा वर्षांची मुलगी म्हणाली, ‘काका, त्या दिवशी तर ते नुसते पैदा झाले ना? काम तर नंतर केलं. मग कामाचा दिवस का नाही करत?’ सभागृहात हशा पिकला. आम्हीही हसलो, पण उत्तर मात्र आम्हाला देता आले नाही. आजचे हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम जन्मतारखेचाच विचार करू. आमच्या सेवापुस्तकात आमची जन्मतारीख १ जून अशी नोंदलेली आहे. आमची आई मात्र सांगे, की आमचा जन्म वसुबारसेच्या पहाटे झाला. आता वसुबारस काही जूनमध्ये येत नाही! पण शाळा जूनमध्ये उघडत, आणि वडिलांना तारीख न सांगता आली, की गुरुजी अंदाजाने वर्ष धरून १ जून लिहून टाकीत. या सभागृहातही आमचे असे कितीतरी ‘जुळे’ बंधू बसलेले असतील. नियम असा, की ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, तो आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे गुरुजींच्या लेखणीच्या एका फटकाऱ्याने आमचा निरोपसमारंभ ३१ मेला ठरला आहे. वसुबारसेला कोणी विचारणार नाही.

आम्हा सामान्यांचे सोडा. थोरांच्या तारखाही वाटतात तितक्या पक्क्या नसतात. गॅलिलिओ ज्या वर्षी वारला त्याच वर्षी न्यूटन जन्माला आला, असे आपण शाळेत मोठ्या कौतुकाने पाठ केले. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२ चा आणि न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ चा. पण यातील पहिली तारीख इटलीतील नव्या ग्रेगरियन कालगणनेची आहे आणि दुसरी इंग्लंडातील जुन्या ज्युलियन कालगणनेची. दोघांना एकच गणना लावली, तर न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ ला जातो आणि तो सुंदर योगायोग नाहीसा होतो. इंग्लंडने नवी गणना स्वीकारली ती १७५२ साली, आणि त्या वेळी ११ दिवस गाळून टाकावे लागले. न्यूटनच्या गतीच्या नियमांना मात्र या घोळाचा तिळमात्र धक्का बसला नाही.

आपल्या देशात तर तारीख आणि तिथी असे दोन संसार. स्वातंत्र्यानंतर सरकारने १९५२ साली डॉ. मेघनाद साहा या थोर खगोलभौतिकशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली कालगणना सुधारणा समिती नेमली. देशात तीसच्या सुमारास निरनिराळी पंचांगे चालू असल्याचे तिला आढळले. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे शके १८७९ च्या १ चैत्रास, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. भारताच्या राजपत्रावर ती शकाची तारीख छापली जाते. कचेरीत हजारो राजपत्रे आमच्या हाताखालून गेली; पण त्या ओळीकडे पाहून साहांचे स्मरण आम्ही कधी केले नाही, हे कबूल केले पाहिजे. ६ ऑक्टोबर १८९३ ही त्यांची जन्मतारीखही आम्हाला या भाषणाच्या निमित्तानेच ठाऊक झाली.

तर मग जयंती ही पंचांगातून आपोआप उगवणारी वस्तू नव्हे. कोणाची पाळावयाची आणि कोणाची नाही, हे समाज ठरवितो. याचे उदाहरण घरचेच देतो. लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, हे आताच सांगितले. गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा. एकाच साली, एकाच महिन्यात, अवघ्या नऊ दिवसांच्या अंतराने हे दोघे जन्मले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८८० साली काढलेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दोघे खपले. १८८१ साली ‘केसरी’ निघाला तेव्हा त्याचे पहिले संपादक आगरकर होते. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबर काढले. पुढे आधी राजकीय सुधारणा की सामाजिक, या प्रश्नावर मार्ग फुटले आणि १८८८ साली आगरकरांनी ‘सुधारक’ काढला. आमच्या मंडळात २३ जुलैला खुर्च्या पुरत नाहीत आणि १४ जुलैला सभागृहाचे कुलूपही निघत नाही. लोकमान्यांच्या जयंतीतले काही कमी करावे, असे आमचे म्हणणे नाही. पण त्यांच्याशी जन्मभर वाद घालणाऱ्या मित्राचे नावही मुलांच्या कानी पडत नसेल, तर तो वाद कशासाठी होता हे त्यांना कळणार कसे? आणि वाद कळला नाही, तर लोकमान्य तरी पुरते कसे कळतील?

ज्यांची जन्मतारीखच कोणी नोंदली नाही, त्यांचे काय? बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध प्रसिद्ध केला. स्त्रीला एक न्याय आणि पुरुषाला दुसरा, हे त्या काळात इतक्या रोखठोक मराठीत कोणी विचारले नव्हते. त्यांच्या जन्माचे वर्ष १८५० असे सांगतात. पण दिवस आपल्या दिनदर्शिकांत नाही, म्हणून जयंतीही नाही. मुलींच्या जन्माचा दिवस टिपून ठेवण्याची गरज ज्या समाजाला वाटत नव्हती, त्याच समाजाविषयी त्या लिहीत होत्या.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. कामाचा दिवस का करीत नाही? मंडळी, तसा एक दिवस आपल्या देशाने केला आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा. परंतु राष्ट्रीय विज्ञान दिन आपण पाळतो तो २८ फेब्रुवारीला. १९२८ साली त्या दिवशी त्यांनी कलकत्त्यात आपला प्रकाशविकिरणाचा शोध जाहीर केला आणि १९३० साली त्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९८७ पासून हा दिवस देशभर पाळला जातो. त्या दिवशी प्रयोगशाळांची दारे उघडतात आणि शाळकरी मुले भिंगे, आरसे हाताळतात.

जन्मदिवसालाही कामाचा दिवस करता येते. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या ५ सप्टेंबर या जन्मदिवशी १९६२ पासून आपण शिक्षकांना वंदन करतो. श्रीनिवास रामानुजन यांचा २२ डिसेंबर हा जन्मदिवस २०१२ पासून राष्ट्रीय गणित दिन झाला. आपल्या कुसुमाग्रजांचा २७ फेब्रुवारी हा दिवस मराठी भाषा गौरव दिन झाला. या सर्वांत एक सूत्र आहे. माणसाच्या नावाने त्याचे काम पुढे चालावे, अशी त्यामागे इच्छा आहे.

येथे आम्हाला आमच्या हातून घडलेली एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी सभागृहाची रंगसफेदी झाली आणि तसबिरींमागच्या नावांच्या चिठ्ठ्या गळून पडल्या. पुढे १० ऑगस्ट आला. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची जयंती. आम्ही हार घातला, माहिती वाचून दाखविली, टाळ्याही झाल्या. चहाच्या वेळी आपल्या ज्येष्ठ सभासद आजी जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘अहो चिटणीस, विष्णू बरोबर, पण बुवा चुकले. हे पलुस्कर. यांची जयंती आठ दिवसांनी.’ चाळीस माणसांत ही चूक एकट्या आजींना कळली, कारण त्या गाणे शिकलेल्या होत्या. बाकी आम्ही सारे तारीख शिकलेले.

हे दोन विष्णू आपल्या मंडळाला विशेष जवळचे असावेत. भातखंडे १० ऑगस्ट १८६० चे, गोकुळाष्टमीचे. पलुस्कर १८ ऑगस्ट १८७२ चे, नारळी पौर्णिमेचे. गंमत अशी, की तारखेने पाहिले तर भातखंडे आठ दिवस आधी येतात आणि तिथीने पाहिले तर पलुस्कर आठ दिवस आधी! पण या दोघांचे मोठेपण श्रावणात जन्मण्यात नाही. दोघेही घरापासून दूर गेले. कुरुंदवाडच्या पलुस्करांची दृष्टी लहानपणी दारूकामाच्या अपघाताने अधू झाली. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ ते शिकले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी थेट लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. गाणे चांगल्या घरच्या मुलामुलींनी शिकू नये, अशी समजूत असलेल्या काळात त्यांनी ते वर्गात बसवून, पुस्तके छापून, परीक्षा घेऊन शिकविले. मुंबईचे भातखंडे पेशाने वकील. घराण्यांच्या तिजोरीत बंद असलेल्या बंदिशी मिळविण्यासाठी ते देशभर हिंडले, उस्तादांच्या पायाशी बसले, आणि त्या स्वरलिपीत उतरवून ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत सर्वांना खुल्या केल्या. १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज सुरू झाले, त्यामागे त्यांचीच प्रेरणा होती. आज ती संस्था त्यांच्याच नावाने विद्यापीठ झाली आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्यांचा ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा मोठा ग्रंथ मूळ मराठीत आहे. उत्तर हिंदुस्थानच्या रागांचे शास्त्र मराठीत लिहिले गेले आणि हिंदी वाचकांनी ते भाषांतरातून अभ्यासले. परमुलुखात राहून काय करता येते, याचे याहून चांगले उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

तेव्हा सुवर्णमहोत्सवी वर्षात आम्ही मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली : प्रत्येक तसबिरीखाली नाव, जन्मतारीख आणि त्या व्यक्तीचे एक काम, एवढे ठळक अक्षरात लिहावे. दुसरी : ज्याची जयंती, त्याचे काम त्या दिवशी प्रत्यक्ष घडावे. आगरकरांच्या दिवशी त्यांचा एक निबंध वाचून त्यावर मोकळा वाद व्हावा. रामानुजनांच्या दिवशी मुलांनी गणिते सोडवावीत. भातखंड्यांच्या दिवशी त्यांच्या पुस्तकातील एक बंदीश मुलांनी गावी. चार शब्द बोलणारा नाही मिळाला तरी चालेल. तिसरी : वर्षातून एक दिवस ज्यांची तारीख ठाऊक नाही अशांसाठी ठेवावा, आणि पहिल्या वर्षी तो ताराबाईंचा असावा. आणि एक पुरवणी. ज्या प्रदेशाने आपल्याला अन्न दिले, त्याच्या थोरांनाही भिंतीवर जागा द्यावी. मुन्शी प्रेमचंदांचा जन्म ३१ जुलै १८८० चा. आगरकर, टिळक आणि प्रेमचंद अशी जुलैची तीन पाने आपल्या मुलांना सहज उलगडता येतील. कारण प्रेमचंद त्यांना शाळेत भेटतात आणि उरलेले दोघे भेटले तर इथेच भेटतील.

ही शेवटची गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. मंडळ स्थापन झाले तेव्हा रेल्वे, टपाल, बँका आणि कारखान्यांतून बदलीवर आलेल्या मंडळींना मराठी शिकवावी लागत नव्हती. ती त्यांच्या अंगाखांद्यावर होती. आजच्या मुलांना लिपी येते, शब्द येत नाहीत. ग्रंथालयाच्या कपाटात आगरकरांचे निबंध आहेत. वाचकांच्या नोंदवहीत त्या पुस्तकापुढे अखेरची सही कित्येक वर्षांपूर्वीची आहे. आणि तसबीर ओळखणाऱ्या त्या आजी आता ब्याऐंशी वर्षांच्या आहेत.

गेल्या आठवड्यात आम्ही त्यांच्याकडे जाऊन आलो. येत्या ऑगस्टपूर्वी मुलांना भूप शिकवाल का, असे विचारले. त्या म्हणाल्या, ‘शिकवीन, पण दर रविवारी सकाळी नऊला, आणि उशिरा येणाऱ्यास दार उघडणार नाही.’ प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीचे नाव आम्ही यादीत पहिले लिहिले आहे. यादीत अजून बरीच जागा रिकामी आहे, आणि ती भरणे आपल्या हाती आहे.