जुन्या काव्यांतल्या कथा आणि आपण
(विहाराच्या वर्धापन दिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, प्राचीन काव्ये व महाकाव्यांतील प्रतीके. नाव जड आहे, पण प्रश्न आपल्या घरातला आहे. वर्षावासात ग्रंथवाचन चालू असताना एखादं लेकरू मध्येच विचारतं, माराची सेना खरंच आली होती का हो? मग मोठी माणसं एक तर म्हणतात, गप बस, ऐक. नाही तर म्हणतात, ते सगळं थोतांड असतं. दोन्ही उत्तरांनी लेकराचा प्रश्न जागीच मरतो.

1956 च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या वडीलधाऱ्यांनी देव्हारे रिकामे केले, देव नदीत सोडले. मूर्ती पाण्यात जाते, कथा जात नाही. 1987 साली दूरदर्शनवर रामायण सुरू झालं, तेव्हा रविवारी सकाळी ज्याच्या घरी टी.व्ही. त्याच्या ओसरीवर सगळी गल्ली जमायची. आपल्याही वस्त्यांमध्ये जमायची. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचा ‘रिडल्स इन हिंदुइझम’ हा ग्रंथ प्रकाशित केला आणि राम-कृष्णावरच्या प्रकरणावरून केवढं वादळ उठलं. आपण मोर्चे काढले. पण ग्रंथ किती घरांत वाचला गेला? मोर्चा संध्याकाळी संपतो, वाचन घरी बसून करावं लागतं.

तर वाचावं कसं? माझी एक साधी खूण आहे. कथेत चमत्कार आला की तिथं बोट ठेवून थांबायचं. चमत्कार म्हणजे ठिगळ. धडक्या लुगड्याला कुणी ठिगळ लावत नाही. ठिगळ दिसलं की समजावं, इथं कापड फाटलं होतं. ते उसवून पाहावं.

लांब कशाला जायचं, आपल्या जिल्ह्यातलीच कथा घ्या. नरसीचे नामदेव औंढ्याला नागनाथाच्या देवळापुढं कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांनी त्यांना मागं जायला सांगितलं. नामदेव मागं जाऊन गाऊ लागले आणि अख्खं देऊळ फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. नंदी मागं राहिला तो त्यामुळं, असं तिथं गेलेल्या प्रत्येकाला सांगतात.

नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात ज्या गुरू ग्रंथसाहेबांचं पठण होतं, त्यात नामदेवांची 61 पदं आहेत. त्यांतल्या एका पदात हीच कथा आहे. पदात गावाचं नाव नाही, नंदीही नाही. आहे ते एवढंच, की हसत-खेळत देवळात आलेल्या, भक्ती करत बसलेल्या नामदेवाला धरून उठवलं. माझी जात हीन आहे, मला शिंप्याच्या जन्माला का घातलंस, असं तो देवालाच विचारतो. मग आपली कांबळी उचलतो आणि देवळामागं जाऊन बसतो. शेवटी देऊळ फिरतं. आता ठिगळ बाजूला करा. खाली दिसतो तो दंड धरून ओढलेला माणूस. कांबळी उचलून नेल्याचा तपशील बघा, बरं का. असा बारकावा ज्याच्यावर गुदरलं त्यालाच सुचतो.

आणखी एक पाहा. फिरलं कोण? दगड फिरला. पुजाऱ्यांनी चार पावलं पुढं येऊन नामदेवांना हाताला धरून पुढं बसवलं, असं त्या पदात नाही. माणसाचं मन फिरण्यापेक्षा हजारो मण दगड फिरणं त्या काळी सोपं वाटलं असेल, तर त्या काळाविषयी यापेक्षा जास्त काय सांगायचं?

नामदेवांच्याच मेळ्यातल्या चोखोबांची गत याहून पुढची. विठ्ठलानं त्यांना हाताला धरून आत नेल्याच्या कथा आहेत. म्हणजे आणखी एक ठिगळ. ते मंगळवेढ्याला भिंतीखाली सापडून गेले, साल 1338 सांगतात. समाधी पंढरपुरात आहे, पण देवळाबाहेर, पायरीपाशी. ते दार 1947 साली साने गुरुजींनी उपोषण केल्यावर उघडलं. सहाशे वर्षं चमत्कार गाऊन जे झालं नाही ते दहा दिवसांच्या उपोषणानं झालं. बाबासाहेबांनी 1948 चा ‘दि अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. चमत्कारावर विश्वास न ठेवताही त्या कथेतल्या माणसाचा मान राखता येतो, तो असा.

आता रामायणाकडे येऊ. उत्तरकांड मागाहून जोडलेलं आहे असं बरेच अभ्यासक मानतात, पण शतकानुशतकं लोकांनी ते वाल्मीकीचं म्हणूनच ऐकलं. त्यात एक ब्राह्मण मेलेलं पोर घेऊन रामाच्या दारी येतो. सांगितलं जातं, की राज्यात कुणी शूद्र तप करतो आहे म्हणून पोर मेलं. राम शोधत जातो, सरोवराकाठी उलटा टांगून तप करणारा शंबूक भेटतो. राम आधी जात विचारतो आणि उत्तर मिळताच मान उडवतो. वरून देव फुलं टाकतात. तिकडं पोर उठून बसतं. इथं ठिगळ कोणतं? ती फुलं. फुलं पडली नसती तर ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न आला असता, तप केलं तर बिघडलं काय?

हा प्रश्न कवींच्याही मनात होता. आठव्या शतकात भवभूतीनं ‘उत्तररामचरित’ लिहिलं. विदर्भातला मानतात त्याला, म्हणजे आपल्या शेजारचाच. त्याच्या नाटकात तलवार उचलताना रामाचा हात अडतो. राम आपल्याच हाताला बजावतो, की ज्यानं गरोदर सीतेला घराबाहेर काढलं त्या रामाचा तू हात, तुला दया कुठून येणार? आणि मरणारा शंबूक दिव्य रूप घेऊन उलट रामाचेच आभार मानतो. म्हणजे भवभूतीला जखम दिसली, बोचलीही, तरी त्यानं आणखी महागाचं ठिगळ लावलं. माझं मत विचाराल तर मला त्याचा राग येत नाही. जो हात थरथरला तो त्यानं लपवला नाही, एवढं श्रेय त्याला द्यावं.

मेलेल्या पोराची दुसरी कथा आपल्याकडे आहे, श्रावस्तीच्या किसागोतमीची. किसा म्हणजे कृश, वाळलेली. तिचं एकुलतं एक लेकरू गेलं. ते काखेत घेऊन ती औषध मागत फिरली. तथागत म्हणाले, मोहरीचे दाणे आण, पण ज्या घरात कुणी मेलं नाही अशा घरातून. मोहरी कुणाच्या घरात नसते? गरिबातल्या गरीब बाईच्या डब्यातही असते. म्हणून तर मोहरी सांगितली. केशर-कस्तुरी सांगितली असती तर ती चार श्रीमंतांच्या दारातूनच परत आली असती. मोहरीपायी ती दारोदार गेली. दाणे प्रत्येक दारात मिळत होते, आणि मेलेलं माणूसही प्रत्येक घरात निघत होतं. 

या दोन कथा शेजारी ठेवा. पहिलीत पोर उठतं, पण त्यासाठी एका माणसाचं मुंडकं द्यावं लागतं. दुसरीत पोर उठत नाही, पण कुणाचा जीव जात नाही. पहिलीत मरणाचं कारण दुसऱ्याची जात, दुसरीत मरण सगळ्यांचं सारखं. या कथेत मला एकही ठिगळ सापडलं नाही, आणि मी पुष्कळ शोधलं आहे.

पण आपल्या सगळ्याच कथा अशा नाहीत, हेही बोललं पाहिजे. दुसऱ्याचं लुगडं उसवायचं आणि आपलं झाकून ठेवायचं, हे बरं नव्हे. अश्वघोषाचं ‘बुद्धचरित’ मोठं काव्य आहे, अठ्ठावीस सर्गांचं. संस्कृतात त्याचा निम्माच भाग उरला, बाकीचं चिनी आणि तिबेटी भाषांतरांत सापडतं. त्यात मार सेना घेऊन येतो, जनावरांच्या तोंडांचे राक्षस येतात, निखाऱ्यांचा पाऊस तांबड्या कमळपाकळ्या होऊन पडतो. इथंही फुलंच पडली, बघा. पण त्याहून जुन्या सुत्तनिपातातल्या पधान सुत्तात माराच्या पलटणींची नावंच दिली आहेत. कामवासना, उदासपणा, भूक-तहान, तृष्णा, आळस, भीती, शंका. यात राक्षस कुठं आहे? तरुण माणूस उपाशीपोटी रानात एकटा बसला तर त्याच्या मनात जे येईल तेच आहे. मज्झिम निकायातल्या भयभेरव सुत्तात तर रात्रीच्या रानात आपल्याला भीती कशी वाटे हे तथागत स्वतः सांगतात. विचारणाऱ्या लेकराला हेच सांगा, की सेना आली होती आणि तिची नावं ही.

चार दृश्यांचं तसंच. म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला, हे आपण भिंतीवर चितारतो. बाबासाहेबांनी सरळ विचारलं, एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर एक म्हातारा पाहिला नव्हता का? 1957 साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर निघालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी त्या जागी रोहिणी नदीचं पाणी आणलं. शाक्य आणि कोलिय यांचं पाण्यावरून भांडण, संघात युद्धाचा ठराव, सिद्धार्थाचा एकट्याचा विरोध, आणि मग गृहत्याग. सिद्धेश्वरच्या कालव्यावर पाण्याच्या पाळीवरून डोकी फुटताना ज्यांनी पाहिली, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आपल्याच ग्रंथाला प्रश्न विचारण्याची परवानगी बाबासाहेबांनी स्वतः विचारून देऊन ठेवली आहे.

मंडळाला एक विनंती आहे. या वर्षावासात दर पौर्णिमेला एकच कथा घ्यावी, पण दोन ठिकाणची. पहिल्या पौर्णिमेला शंबूक आणि किसागोतमी घ्या. वाचायला मुलं-मुली बसवा आणि प्रश्न विचारायला आयाबाया. जात्यावर ओव्या रचलेल्या बायांना काव्यातलं ठिगळ आपल्याआधी दिसतं. आणि जिला जुन्या ओव्या येतात अशी माय ज्यांच्या घरी असेल, त्यांनी तिला घेऊन यावं, सोबत कोरी वही आणावी.