लेकीच्या इंग्रजीला आईची मराठी

सिंदी मेघेहून आम्ही बोलतो आहोत. आजचा विषय जरा वेगळा आहे. सैन्यात अधिकारी होण्यासाठी जी परीक्षा असते, तिच्यात इंग्रजी वाक्प्रचारांवर प्रश्न येतात. त्यांची तयारी घरी कशी करायची, ते आज सांगतो. तुम्ही म्हणाल, "हे पोरींनी ऐकावं, आमचं त्यात काय काम?" काम आहे. इंग्रजी न येणाऱ्या आईचंसुद्धा आहे.

आधी परीक्षेची ओळख करून घेऊ. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए, पूर्वी फक्त मुलांसाठी होती. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुलींना परीक्षेला बसता आलं. 30 मे 2025 रोजी 17 मुलींची पहिली तुकडी तिथून शिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. नाशिकला राज्य सरकारने खास मुलींसाठी सैनिकी पूर्वतयारीची संस्थाही काढली आहे. दहावीतल्या मुली तिथल्या प्रवेशपरीक्षेला बसू शकतात.

एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा होते. मुलींना अर्जाची फी नाही. बारावीत शिकणारी मुलगीही अर्ज करू शकते. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, आणि मुलगी अविवाहित असावी लागते. नेमक्या ह्याच वयात आपल्या घरांत स्थळांची बोलणी सुरू होतात, हे वेगळं सांगायला नको. म्हणून ही तीन वर्षं लेकीच्या हातून निसटू द्यायची नाहीत.

लेखी परीक्षा 900 गुणांची. 300 गणिताचे, 600 सामान्य क्षमता चाचणीचे. त्या 600 पैकी 200 गुण इंग्रजीचे. बाकीचे प्रश्न हिंदीतही छापलेले असतात, इंग्रजीचा भाग मात्र इंग्रजीतच. इथेच आपल्या पोरी घाबरतात. गणित येतं, धावणं जमतं, पण "इंग्रजी नाही जमणार" म्हणून अर्जच भरत नाहीत.

आता वाक्प्रचाराकडे वळू. आपण म्हणतो, "त्यानं कानाडोळा केला." तेव्हा कान कुठे आणि डोळा कुठे, असं कुणी शोधत नाही. "कापूस वेचता वेचता नाकी नऊ आले" म्हटलं तर नऊ काय, हे कुणी मोजत नाही. सुट्या शब्दांचा अर्थ वेगळा, सगळे मिळून होणारा अर्थ वेगळा. इंग्रजीतही तसंच आहे. ही गोष्ट आपल्याला जन्मापासून माहीत आहे, फक्त लेकीला तिची आठवण करून द्यायची.

इंग्रजी वाक्प्रचारांचे तीन ढीग करायचे, धान्य निवडतो तसे.

पहिला ढीग जुळ्यांचा. 'ॲड फ्युएल टू द फायर' म्हणजे आगीत तेल ओतणे. 'लेंड अ हँड' म्हणजे हात देणे. 'क्रोकोडाइल टिअर्स' म्हणजे नक्राश्रू. हे एकदा ऐकले की लक्षात राहतात.

दुसरा ढीग वेश बदललेल्यांचा. अर्थ तोच, चित्र निराळं. 'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे क्वचित कधीतरी. आपण म्हणतो, सटीसामाशी. 'ब्लो युअर ओन ट्रम्पेट' म्हणजे स्वतःची टिमकी वाजवणे. त्यांची तुतारी, आपली टिमकी. 'टर्न अ डेफ इअर' म्हणजे कुणाचं म्हणणं ऐकून न ऐकल्यासारखं करणे. हा आपल्या कानाडोळ्याचाच भाऊ.

तिसरा ढीग फसव्यांचा, आणि गुण जातात ते इथेच. 'पुल समवन्स लेग' ऐकलं की आपल्याला वाटतं, पाय ओढणे, म्हणजे पुढे जाणाऱ्याला मागे खेचणे. इंग्रजीत त्याचा अर्थ होतो थट्टा करणे. 'पे थ्रू द नोज' मध्ये नाक आहे, पण नाक घासण्याशी त्याचा संबंध नाही. त्याचा अर्थ भरमसाट पैसे मोजणे. असे वाक्प्रचार वहीत लाल शाईने लिहायचे.

आता आईचं काम. रोज भाकरी थापताना लेकीला जवळ बसवा. तिनं पाचच वाक्प्रचार मोठ्यानं वाचायचे. तुम्ही प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायचे. ह्याचा अर्थ काय? आपण ह्याला काय म्हणतो? आपल्या घरातल्या एखाद्या गोष्टीवर ह्याचं वाक्य कर बरं? तिला मराठी जोडी सापडली नाही तर तुम्ही सांगा. म्हणींचा साठा तुमच्याकडे आहे, पुस्तकात नाही. जे तिला दुसऱ्याला समजावता आलं, ते ती विसरत नाही. दर रविवारी आठवड्याचे सगळे पुन्हा विचारा. वहीत ते इंग्रजी अक्षरांतच लिहायला लावा, कारण पेपरात तसेच दिसणार आहेत.

सरावासाठी महागडं पुस्तक लागत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका फुकट मिळतात. गटातल्या एकीच्या मोबाईलवर उघडा, चार पोरी मिळून सोडवतील.

पेपरात प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात. शब्दशः अर्थाचा पर्याय बहुधा आमिष असतो, त्याच्याकडे आधी संशयानं पाहायचं. इंग्रजीच्या एका बरोबर उत्तराला 4 गुण, आणि चुकलं तर त्याचा एक तृतीयांश कापला जातो. म्हणजे चार प्रश्न डोळे मिटून ठोकले, त्यातला एक बरोबर आला आणि तीन चुकले, तर मिळालेले 4 गुणही गेले. हाती शून्य. पण दोन पर्याय नक्की चुकीचे आहेत हे ओळखता आलं, तर उरलेल्या दोनांतून एक निवडणं फायद्याचं. काहीच कळत नसेल तर प्रश्न सोडून पुढे जायचं.

वायुदलाच्या अग्निवीर भरतीच्या परीक्षेतही इंग्रजी असतं. म्हणजे ही वही तिथेही उपयोगी पडेल.

जाता जाता सैन्यातलाच एक वाक्प्रचार घ्या. 'स्टिक टू युअर गन्स'. तोफ सोडून पळायचं नाही, म्हणजेच आपल्या म्हणण्यावर ठाम राहायचं. लेक म्हणाली, "मला ही परीक्षा द्यायची आहे", आणि चार नातेवाईक म्हणाले, "पोरीच्या जातीला कशाला हवं?", तर तेव्हा ठाम राहायचं काम तिच्या एकटीचं नाही. गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा, आणि कुणाची लेक अकरावी-बारावीत आहे ते विचारा. तिथूनच सुरुवात होईल.