घरच्या संगणकासाठीं टीव्ही ट्यूनर कार्ड

वस्तु घेण्यास निघालेल्या गृहस्थानें दुकानाची वाट धरण्यापूर्वीं आपल्या घराची गरज नीट पाहावी, हा व्यवहाराचा जुना दंडक आहे. टीव्ही ट्यूनर कार्डाच्या बाबतींत तर त्यावांचून पैसे हमखास वायां जातात. कार्ड कोणत्या कंपनीचें, हा प्रश्न मागाहूनचा. घरांत येणारी तार किंवा गच्चीवरील अँटेना कोणत्या प्रकारचें प्रक्षेपण आणून पोंचविते, हा प्रश्न पहिला होय.

कार्डाचें काम थोडक्यांत असें: अनेक वाहिन्यांच्या गर्दींतून हवी ती लहर निवडावयाची, तिच्यावर आरूढ झालेलें चित्र व ध्वनि वेगळे काढावयाचे आणि ते अंकांच्या रूपानें संगणकाच्या हवालीं करावयाचे. परंतु लहरींची भाषा सर्वत्र एक नाहीं. भारतांत ॲनालॉग प्रक्षेपण ६२५ रेषांच्या पाल पद्धतीचें होतें, तर अमेरिकेंत ५२५ रेषांची एनटीएससी पद्धति रूढ होती. म्हणून एकीकडच्या पद्धतीसाठींच घडविलेलें कार्ड दुसरीकडे निरुपयोगी ठरे.

आतां तर ती ॲनालॉग भाषाच मागें पडली आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, तें ॲनालॉग पद्धतीनेंच. पुढें २०१२ पासून शहराशहरांत केबलचें डिजिटल रूपांतर झालें आणि घरोघर सेट टॉप बॉक्स आला. तेव्हां जुन्या बाजारांत स्वस्तांत मिळणारें ॲनालॉग कार्ड केबलच्या तारेस जोडून कार्यक्रम दिसतील, ही आशा व्यर्थ होय. सशुल्क वाहिन्यांस सांकेतिक कुलूप असतें व त्याची किल्ली बॉक्सपाशीं असते. ज्याच्या गच्चीवर उपग्रहाची तबकडी आहे, त्यानें डीव्हीबी-एस२ पद्धतीचें कार्ड घ्यावें. डीडी फ्री डिशवरील कुलूप नसलेल्या वाहिन्या त्यावर पाहतां येतात.

मग जुनें ॲनालॉग कार्ड टाकाऊच समजावयाचें काय? तसें मुळींच नाहीं. कित्येक घरांच्या कपाटांत लग्नमुंजींच्या व्हिडिओ कॅसेटी पडून आहेत. कैलासवासी झालेल्या आजीचा आवाज कदाचित् त्यांतील एखाद्या फितींतच उरला असेल. फितीवरील चुंबकीय लेप काळानें झिजतो, दमट हवेनें तिला बुरशी धरते. शिवाय ती वाजविणारें यंत्रहि दुर्मिळ होत चाललें आहे, कारण जपानांतील शेवटच्या उत्पादकानें त्याचें उत्पादन २०१६ सालीं थांबविलें. या कामीं जुनें कार्ड अजून उपयोगी पडतें. मात्र त्याला अँटेनेखेरीज कॉम्पोझिट किंवा एस-व्हिडिओ जोडणीची वेगळी खोबण असली पाहिजे आणि तें पाल पद्धति जाणणारें असलें पाहिजे.

येथें संक्षेपणाचा विचार अवश्य करावा. ७२० गुणिले ५७६ बिंदूंचें चित्र सेकंदास २५ वेळां असंक्षिप्त साठविलें, तर एका तासास सुमारें ७५ गिगाबाइट जागा लागते. तेंच एमपेग-२ पद्धतीनें सेकंदास ६ मेगाबिट या वेगानें साठविल्यास पावणेतीन गिगाबाइटांच्या आंत काम भागतें. कांहीं कार्डांवर हें काम करणारी स्वतंत्र चिप असते. तिच्यामुळें संगणकावर भार पडत नाहीं व जुना संगणकहि चित्र न तोडतां नोंद करूं शकतो. चिप नसलेलें कार्ड स्वस्त असलें तरी सारा भार प्रोसेसरवर टाकतें.

शेवटीं दोन गोष्टी दुकानांतच विचारून घ्याव्या. जुनीं कार्डें बहुधा पीसीआय खांचेचीं असतात आणि नव्या संगणकांत ती खांच सहसा नसते. अशा वेळीं यूएसबीचें उपकरण बरें. दुसरें असें कीं, आपल्या संगणकाच्या प्रणालीसाठीं त्या कार्डाचा चालक, म्हणजे ड्रायव्हर, मिळतो कीं नाहीं, याची खात्री करावी. तो नसल्यास उत्तम कार्डहि मुकेंच राहतें.

वाहिन्या उद्यांहि दिसतील. त्यांसाठीं घाई करण्याचें कारण नाहीं. कपाटांतील फीत मात्र कोणासाठीं थांबत नाहीं. ज्याच्या घरीं ती आहे, त्यानें कार्ड आधीं तिच्यासाठीं निवडावें.