पुरुषांचा पेहराव : काल आणि आज

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय देण्यात आला तो 'आजची तरुण पिढी आणि पोशाख'. पत्र वाचताच मी समजलो की, मुलांच्या पॅन्टीवर मी चार शब्द कडक बोलावेत अशी काही पालकांची अपेक्षा आहे. त्यांची थोडी निराशा होणार आहे. मी दर्ज्याचा मुलगा. आमच्या घरी पोशाखावर टीका करीत नसत, माप घेत असत. पुढे मी मास्तर झालो, निवृत्तही झालो, पण अजून समोर माणूस आला की माझी नजर आधी त्याच्या शिलाईवर जाते.

आमच्या घराण्यातला सर्वांत जुना पोशाख मला ऐकून माहीत आहे, तो पणजोबांचा. कारंजा तालुक्यातल्या एका खेड्यात त्यांची शेती होती. अंगात मांजरपाटाची बंडी, गुडघ्याच्या जरा खाली येणारे धोतर आणि डोक्याला पटका. बांधापलीकडच्या कुणब्याचाही तोच पोशाख होता. ईदच्या नमाजासाठी एक पायजमा पेटीत घडी करून ठेवलेला असे, तेवढाच काय तो फरक. आजोबांनी धोतर सोडले आणि पायजमा रोजचा केला, तेव्हा पणजोबा म्हणाले, "आता शेतात काय पाहुणा म्हणून जाणार?" वडिलांनी सदऱ्याला कॉलर लावली, ती आजोबांना आवडली नाही. मी पॅन्ट घातली, ती वडिलांनीच शिवून दिली, पण पायघोळ फार रुंद करू दिला नाही. चार पिढ्या, चार पोशाख, आणि प्रत्येक वेळी घरातल्या म्हाताऱ्याने कपाळाला हात लावलेला.

शिवलेला कपडा या देशात मुसलमानांनी आणला, त्याआधी इथे धोतर आणि उपरणेच होते, असे पुष्कळदा ऐकू येते. आपल्यातलेही काही जण ते अभिमानाने सांगतात. मित्रहो, तसे नाही, आणि त्याचा पुरावा आपल्या वाशीमच्या इतिहासातच सापडतो. वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून घेतले. अजिंठ्याची त्या काळातली चित्रे बारकाईने पाहा. राजा उघड्या अंगाचा, दागिन्यांनी मढलेला, कमरेला न शिवलेले वस्त्र. त्याच्या आसपास मात्र बाह्यांचे अंगरखे घातलेली माणसे दिसतात, परदेशी पाहुणे तर टोपी-विजारीसह दिसतात. इस्लामच्या आधीची ही गोष्ट आहे. सुई इथे होतीच.

विजारीचेही तसेच. पॅन्ट इंग्रजांची आणि पायजमा आपला, अशी वाटणी आपण करतो. खरे म्हणजे दोन्ही घोडेस्वारांची लेकरे. घोड्यावर मांड टाकून बसणाऱ्या मध्य आशियातल्या लोकांनी दोन पायांची विजार काढली. चीनच्या तुर्फान भागात सापडलेली लोकरी विजार सुमारे ३००० वर्षांपूर्वीची आहे. रोमन लोक तिला रानटी माणसांचा कपडा म्हणत. चौथ्या शतकाच्या शेवटी तर रोम शहरात विजार घालून फिरण्यास बादशाही हुकुमाने बंदी होती. ज्या युरोपने ती रानटी ठरवली, त्याच युरोपने पुढे ती सभ्यतेची खूण म्हणून जगाला दिली.

वडिलांच्या दुकानातली भाषा मला आठवते. पायजमा, अस्तर, रफू, गज हे शब्द फारसी. कमीज आणि खिसा अरबीकडून आलेले. इस्त्री आणि काज पोर्तुगीजांचे. कॉलर, कफ इंग्रजांचे. सुई आणि दोरा इथलेच. वडील काही शिकलेले नव्हते, पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत हे सगळे देश त्यांच्या तोंडून जात आणि त्यांना त्याचे काही वाटत नसे.

आता टोपीकडे येतो, कारण टोपीवरून आपण फार भांडतो. आजोबांच्या वेळी रुमी टोपी, म्हणजे लाल रंगाची, काळ्या गोंड्याची फेज, ही मुसलमान सद्गृहस्थाची खूण मानली जाई. आमच्याही पेटीत एक होती. तिचा इतिहास ऐका. तुर्कस्तानात पगडी चालत असे. सुलतान महमूद दुसरा याने १८२९ साली फर्मान काढून नोकरशाहीला फेज घालायला लावली. कशासाठी? तर राज्य आधुनिक दिसावे म्हणून. तेव्हा पगडीवाले नाराज झाले. पुढे या टोप्या बनवून पाठवण्यात ऑस्ट्रियातले कारखानदार आघाडीवर आले. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया गिळंकृत केला, तेव्हा तुर्कांनी तिथल्या मालावर बहिष्कार टाकला आणि लोकांच्या ध्यानात आले की, आपल्या डोक्यावरची टोपीच ऑस्ट्रियाची आहे! नंतर नोव्हेंबर १९२५ मध्ये मुस्तफा केमाल यांनी कायद्याने फेज बंद करून हॅट आणली. कारण तेच, राज्य आधुनिक दिसावे. शंभर वर्षांच्या आत एकच टोपी नवी म्हणून आली आणि जुनी म्हणून गेली. तिकडे तिच्यावर बंदी आली, तेव्हा इकडे आमचे आजोबा ती ब्रशने साफ करून ईदला घालत होते.

अलीगढचेही तसेच आहे. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली तिथे शाळा काढली, तिचेच पुढे कॉलेज झाले. तिथल्या विद्यार्थ्यांचा वेश काळा तुर्की कोट आणि लाल फेज असा होता. त्या काळी सर सय्यदांवर साहेबी वळणाचा माणूस म्हणून केवढे काहूर उठले होते, हे आपण जाणता. तोच काळा बंद गळ्याचा वेश शेरवानीच्या रूपाने आज आपण परंपरा म्हणून सांगतो. शेरवानीच्या कापातही इंग्रजी फ्रॉक कोट डोकावतो, हे कोणताही जुना दर्जी सांगेल. गांधी टोपीची गंमत वेगळी. जिच्यावर महात्माजींचे नाव आहे ती त्यांनी स्वतः जेमतेम दोन-तीन वर्षे घातली. १९२१ च्या सप्टेंबरात मदुरेला त्यांनी पंचा नेसला आणि टोपीही सोडली.

पोशाखाने माणूस काय बोलू शकतो, याचे एक उदाहरण मात्र प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती. जमलेले लोक जरीचे, हिऱ्या-मोत्यांचे. जोतीराव फुले तिथे गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले, आणि हा जो वेश आहे तोच खरा हिंदुस्थानचा आहे, या अर्थाचे त्यांनी त्या राजपुत्राला सुनावले. मला यातली मौज अशी वाटते की, ज्या वऱ्हाडच्या कापसाने अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते ६५ मध्ये, मँचेस्टरच्या गिरण्यांना हात दिला, त्या वऱ्हाडातला शेतकरी मांजरपाटाच्या बंडीवर राहिला. मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला गाडी कारंज्यावरून कापूस घेऊन जात असे. परत येताना ती आमच्यासाठी काय आणी, ते पणजोबांच्या ठिगळांवरून कळत असे.

असो. आता ज्यासाठी मी उभा राहिलो ते सांगतो.

साल १९६१. तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता, तो १ जुलै १९९८ ला झाला. आम्ही अकोला जिल्ह्यात होतो. जूनमध्ये मी पाचवीत गेलो. माझ्याबरोबर मोहल्ल्यातला एक सोबती होता, गणितात माझ्यापेक्षा पुष्कळ हुशार. शाळेचा गणवेश पांढरा सदरा आणि खाकी अर्धी पॅन्ट. सोबत्याचे दादा म्हणाले, "गुडघे उघडे ठेवून माझा नातू फिरणार नाही. बेंबीपासून गुडघ्यापर्यंत सतर आहे, लहानपणापासून सवय पाहिजे." म्हणून तो पायजमा घालून आला. मुख्याध्यापक म्हणाले, "नियम म्हणजे नियम." ते काही वाईट गृहस्थ नव्हते. दादाही वाईट नव्हते. दोघेही आपापल्या जागी पक्के होते. पोराला दोनदा घरी पाठवले, तिसऱ्यांदा तो गेलाच नाही.

ही गोष्ट माझ्या वडिलांच्या कानावर आली ती दसऱ्यानंतर, कोणाचा तरी सदरा शिवताना. त्यांनी मशीन थांबवले. वाढत्या मुलाच्या पॅन्टीला दर्जी खालच्या बाजूला चार बोटे कापड आत दुमडून ठेवतो, पुढच्या वर्षी सोडता यावे म्हणून. वडिलांनी एक अर्धी पॅन्ट शिवली आणि ती दुमड तेव्हाच सोडली. गुडघा झाकला गेला, पॅन्ट अर्धीच राहिली. ती घेऊन ते आधी दादांकडे गेले. "चाचा, पाहा." दादांनी पाहिली, मान हलवली. मग शाळेत गेले. मुख्याध्यापक म्हणाले, "याला काय हरकत आहे?" सगळे काम दोन दिवसांचे. जूनपासून कोणी दर्ज्याला विचारलेच नव्हते.

पण तोपर्यंत जिनिंगचा हंगाम सुरू झाला होता. सोबती रोजीवर कापसाचे बोचके उचलायला लागला होता. घरात चार पैसे येऊ लागले होते, आणि ते थांबवणे त्या घराला परवडण्यासारखे नव्हते. ती पॅन्ट आमच्या दुकानात खुंटीला वर्षभर होती. शेवटी माझ्या धाकट्या भावाने वापरली.

पालकहो, आज गणवेशात फुल पॅन्ट आली आहे, तो प्रश्न राहिला नाही. दुसरे आले आहेत. लग्नात नवरदेवाला जरीची शेरवानी भाड्याने, वलीम्याला सूट, भावांना एका रंगाचे कुर्ते, आणि त्याच वर्षी धाकट्याच्या कॉलेजच्या फीसाठी संस्थेकडे अर्ज. असे अर्ज मी पाहिले आहेत, जास्त बोलत नाही. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही ऐका. आम्ही बेलबॉटम घातले, त्याने रस्ता झाडला जाई. टेरिकॉट घालून मे महिन्यात घामाने न्हालो, पण फॅशन सोडली नाही. म्हणून तुम्हाला हसण्याचा अधिकार मला नाही. कंपनीचे नाव छातीवर मिरवण्यासाठी तुम्ही बापाचे दोन दिवसांचे रोज खर्च करता, तेवढ्यापुरता मात्र मला राग येतो.

गेल्या वर्षी तो माझा सोबती माझ्याकडे आला. आता त्याची दाढी पांढरी आहे. बरोबर नातू, अकोल्याला कॉलेजात शिकणारा. नातवाची जीन्स दोन्ही गुडघ्यांवर मुद्दाम फाडलेली, ती हल्ली तशीच विकत मिळते. सोबती संतापला होता. "मास्तर, याचे कॉलेज बंद! गुडघे दाखवत फिरतो." मी काही बोललो नाही. त्याच्याकडे नुसते पाहिले. थोड्या वेळाने त्याला स्वतःलाच काहीतरी आठवले असावे, तो खाली पाहू लागला.

वडिलांचे मशीन अजून माझ्याकडे आहे. निळ्या कापडाचे दोन तुकडे शोधले, पोराला लुंगी दिली आणि जीन्सला आतून अस्तर लावले. बाहेरून फाटलेली ती फाटलेलीच, आतून गुडघा झाकलेला. पोरगा म्हणाला, "सर, दिसायला काही फरक नाही पडला." त्याचे दादा म्हणाले, "मला पडला."

अकोल्याची एस.टी. अडीचची होती. ती त्याला मिळाली.