उमेदवारी कशी असावी?



परीक्षा संपल्या कीं घरोघरीं एकच धांदल सुरू होते. मुलाला वा मुलीला एखाद्या कचेरींत किंवा कारखान्यांत ‘इंटर्नशिप’ मिळवून द्यावयाची असते. ओळखी काढल्या जातात, जागा मिळते, दोन महिन्यांनीं प्रमाणपत्र हातीं येतें आणि आईबाप निश्चिंत होतात. या गोष्टीला आपल्या भाषेंत फार जुना शब्द आहे : उमेदवारी. उमेद म्हणजे आशा. आशा धरून काम शिकावयास येतो तो उमेदवार. त्या आशेचें पुढें काय होतें, याचा आज थोडा विचार करूं.

पुष्कळ ठिकाणीं असें होतें कीं, उमेदवाराला कोपऱ्यांत बसवून कागदांच्या नकला काढावयास सांगतात, किंवा कोणीच कांहीं सांगत नाहीं. अशा ठिकाणीं तो एकच धडा शिकतो : काम म्हणजे वेळ काढणें. हा धडा जन्मभर पुरतो, म्हणूनच तो घातक आहे.

याच्या उलट उदाहरणें आहेत. १९०६ सालीं अमेरिकेंतील सिनसिनाटी विद्यापीठांत हर्मन श्नायडर यांनीं अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठीं नवी योजना आंखली. विद्यार्थ्यांनीं आळीपाळीनें एक आठवडा कारखान्यांत पगारी काम करावयाचें व एक आठवडा वर्गांत शिकावयाचें. यंत्रापाशीं पडलेला प्रश्न ताजा असतांनाच गुरूपुढें मांडावयास सांपडे, हें या योजनेचें मर्म होय. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि ‘कमवा आणि शिका’ हें तत्त्व रूढ केलें. अंगमेहनत करून शिकणाऱ्या गरीब मुलाला शिक्षण हें दान वाटलें नाहीं; तें त्याच्या कष्टाचें फळ होतें.

यांतून तीन कसोट्या हातीं लागतात. पहिली, उमेदवाराला दिलेलें काम लहान असलें तरी खरें असावें. तें न झाल्यास कोणाचें तरी अडावें. दुसरी, चूक दाखविणारें व ती कां झाली हें समजावणारें एक वडीलधारें माणूस त्याला नेमून दिलेलें असावें. तिसरी, कामाचा मोबदला मिळावा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानें आपल्या कक्षेंतील उमेदवारांना विद्यावेतन देणें मालकांवर बंधनकारक केलें. परंतु त्या कक्षेबाहेर फुकट राबविण्याची रीत अजून आहे. फुकटची उमेदवारी सधन घरच्या मुलाला परवडते. ज्याला परगांवीं खोलीचें भाडें व खाणावळीचे पैसे भरावे लागतात, त्याला ती परवडत नाहीं, आणि गुण असूनही तो मागें राहतो. हा अन्याय आपल्या डोळ्यांदेखत घडतो.

श्रोत्यांपैकीं जे कचेऱ्या, दुकानें, कारखाने चालवितात त्यांना माझी विनंति आहे कीं, दहा उमेदवार नुसते बसवून ठेवण्यापेक्षां दोघांनाच घ्यावें व नीट शिकवावें. आईबापांनींही जागा शोधतांना कंपनीच्या नांवापेक्षां तेथें शिकविणारें माणूस कोण आहे, याची चौकशी अगोदर करावी. संध्याकाळीं मूल घरीं आलें म्हणजे ‘प्रमाणपत्र कधीं मिळणार?’ असें विचारूं नये. ‘आज काय चुकलें, आणि तें कोणी सुधारून दाखविलें?’ असें विचारावें. सलग आठ दिवस या प्रश्नाला उत्तर मिळालें नाहीं, तर ती जागा सोडून दुसरी शोधण्यांत कमीपणा नाहीं.