‘इन्स्टॉल झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

(जोहे, ता. पेण येथे तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. यातल्या कमांड संगणकावर इंग्रजी लिपीतच टाइप करायच्या आहेत. इथे त्या उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत.)



आज दुपारी तुम्ही पायथन शिकायला बसणार आहात. त्याआधीचा अर्धा तास संयोजकांनी मला दिला आहे, आणि माझा विषय ऐकायला अगदी रूक्ष आहे. प्रोग्रामिंगची भाषा आपल्या मशीनवर नीट बसली आहे की नाही, हे कसं तपासायचं?

हा विषय मी मागून घेतला. मी इंजिनिअरिंग केलं, गेली बरीच वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, आणि नव्या मुलांना शिकवायची वेळ अनेकदा येते. माझ्या पाहण्यात प्रोग्रामिंग सोडून देणारी बहुतेक मुलं अवघड गणितापाशी सोडत नाहीत. ती पहिल्याच संध्याकाळी सोडतात. व्हिडिओत पाहून एक ओळ टाइप करतात, समोर लाल अक्षरं येतात, आणि मनात येतं की हे आपल्यासारख्यांचं काम नाही. ज्याच्या घरात आधीच कोणी या क्षेत्रात आहे तो दादाला हाक मारतो. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरात हा पहिलाच लॅपटॉप आहे. हाक मारायला कोणी नाही. मग दोष मशीनचा असतो आणि नापास आपण होतो.

एमएस-सीआयटीच्या वर्गात किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये सगळं आधीच बसवलेलं असतं, त्यामुळे हा भाग कोणी शिकवतच नाही.

तुम्ही लिहिता तो प्रोग्राम म्हणजे नुसता मजकूर. तो वाचून मशीनकडून काम करून घेणारं काहीतरी लागतं, त्याला रनटाइम म्हणतात. पायथनचा इंटरप्रिटर, जावाचं व्हर्च्युअल मशीन, जावास्क्रिप्टसाठी नोड, ही त्याची उदाहरणं. त्याच्याबरोबर तयार कोडचा मोठा साठा येतो आणि थोडी माहितीही येते: कोणत्या देशात किती वाजले, कोणत्या भाषेत आकडे कसे लिहितात. इन्स्टॉलर हे सगळं एका फोल्डरमध्ये आणून टाकतो आणि ‘सक्सेसफुल’ म्हणतो. इथे जोह्यात कारखान्यात प्लास्टरची पोती उतरली म्हणून कोणी गिऱ्हाइकाला मूर्ती तयार असल्याचा निरोप पाठवत नाही. ‘सक्सेसफुल’चा अर्थ तेवढाच, पोती उतरली.

पहिली तपासणी सगळ्यांना माहीत असते. टर्मिनल उघडायचं, ‘पायथन’ लिहायचं, एक जागा सोडून दोन डॅश आणि ‘व्हर्जन’. आकडा आला की काम झालं, असं समजतात. विंडोजवर अनेकदा आकडा येतच नाही, आणि नुसतं ‘पायथन’ लिहिलं तर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. २०१९ पासून विंडोजने ‘पायथन’ या नावावर स्टोअरकडे नेणारी वाट टाकून ठेवली आहे. तुमचा खरा पायथन मशीनवर असू शकतो, पण टर्मिनलला त्याचा पत्ता माहीत नसतो. पत्त्यांच्या यादीला ‘पाथ’ म्हणतात. टर्मिनल त्या यादीतली फोल्डर क्रमाने पाहत जातं आणि त्या नावाचा जो पहिला भेटेल त्याला उठवतं. पायथनच्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये पहिल्याच खिडकीत खाली ‘ॲड टू पाथ’ असा एक चौकोन असतो आणि तो आपणहून टिक केलेला नसतो. नव्वद टक्के रडारड या एका चौकोनाची आहे. (नव्वद हा माझा अंदाज, कोणी मोजलेलं नाही.) आणखी एक: पाथ बदलल्यावर आधीपासून उघडं असलेलं टर्मिनल जुनीच यादी धरून बसतं. ते बंद करून नवं उघडा.

आता आकडा आला. हा आकडा कोणाचा? एका मशीनवर दोन-तीन पायथन असणं अगदी नेहमीचं आहे. विंडोजवर ‘व्हेअर पायथन’, लिनक्स आणि मॅकवर ‘विच पायथन३’ लिहा, पत्ता दिसेल. त्याहून खात्रीचं म्हणजे खुद्द पायथनला विचारणं. त्याच्या आत जाऊन ‘इम्पोर्ट सिस’ आणि मग ‘सिस डॉट एक्झिक्युटेबल’ लिहा. जो चालू आहे तोच आपला पत्ता सांगतो. जुन्या लिनक्स मशीनवर ‘पायथन’ म्हटल्यावर अजूनही दुसरी आवृत्ती उठू शकते. तिची देखभाल १ जानेवारी २०२० ला थांबली. एक भागिले दोन लिहून पाहा. दुसरी आवृत्ती शून्य सांगते, तिसरी ०.५ सांगते. जिथे शून्य आलं तिथे थांबा, पुढचा धडा उघडू नका.

जावाचंही असंच. ‘जावा’ चालतं पण ‘जावासी’ चालत नाही, याचा अर्थ प्रोग्राम चालवायची सोय आहे, तयार करायची नाही. दोन्ही विचारा. आणि जावा ८ स्वतःला १.८ म्हणवतं, तेवढ्यावरून घाबरू नका.

पायथनमध्ये बाहेरचं पॅकेज आणणारा ‘पिप’ हा आणखी एक घोटाळा. पिप एका पायथनसाठी पॅकेज आणतो, तुम्ही प्रोग्राम दुसऱ्यावर चालवता, आणि ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ येतं. तुम्ही तीनदा इन्स्टॉल करता, तो तीनदा सांगतो की आहे, आणि तरी नाही. म्हणून सुटा ‘पिप’ लिहूच नका. ‘पायथन, डॅश एम, पिप’ असं लिहा, म्हणजे ज्या पायथनला हाक मारली त्याच्याच घरात पॅकेज जाईल.

इथे मुलींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. घरात लॅपटॉप एक, अकाउंट भावाचं, मग कधीतरी बहिणीसाठी वेगळं अकाउंट उघडतात. भावाने पायथन बसवलेला असतो आणि बहिणीच्या अकाउंटमध्ये तो ‘नाही’ म्हणतो. विंडोजवर पायथनचा नेहमीचा इन्स्टॉलर फक्त चालू अकाउंटपुरता बसवतो, त्या माणसाच्या खासगी फोल्डरमध्ये. दुसऱ्या अकाउंटला तो दिसत नाही. पण याच कारणाने त्याला ॲडमिनचा पासवर्डही लागत नाही. तुम्ही तुमच्या अकाउंटमध्ये स्वतः बसवू शकता, कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. लॅपटॉप मिळण्याची परवानगी हा निराळा विषय आहे, त्यावर संध्याकाळच्या सत्रात बोलूच.

डेटा वाचवायला तुम्ही इन्स्टॉलर पेनड्राइव्हवरून एकमेकांना देता. द्या, पण बघून घ्या. विंडोजवर फाइलवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘डिजिटल सिग्नेचर’ पाहा, तिथे पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनचं नाव हवं. नसेल तर ती फाइल चालवू नका, देणारा कितीही जवळचा असला तरी.

इथपर्यंत आपण फक्त हजेरी घेतली. आता काम करून पाहू, आणि काम आपलं स्वतःचं देऊ. जगभर पहिला प्रोग्राम ‘हॅलो वर्ल्ड’ छापतो. त्या इंग्रजी अक्षरांनी काहीच सिद्ध होत नाही, ती कुठल्याही मोडक्या मशीनवर छापली जातात. तुम्ही ‘जोहे’ छापा, देवनागरीत.

काही जणांना चौकोन दिसतील, किंवा मात्रा भलत्याच जागी दिसेल. लगेच पायथनला दोष देऊ नका. विंडोजच्या जुन्या काळ्या खिडकीला देवनागरी नीट जुळवता येत नाही. पायथनला शब्द कळला का, हे वेगळं विचारा: ‘लेन’ने लांबी मोजा. उत्तर ४ यायला हवं. दिसायला अक्षरं दोन आहेत, पण युनिकोडमध्ये ज, त्यावरची ओकाराची खूण, ह आणि मात्रा अशी चार चिन्हं आहेत. चार आले म्हणजे पायथन शहाणा आहे, खिडकी अडाणी आहे. उर्दूत नाव लिहून पाहाल तर ते त्या खिडकीत उलटसुलट दिसेल, तिथेही हीच पद्धत. दिसण्यातला बिघाड आणि कळण्यातला बिघाड वेगळे करता आले की निम्मं इंजिनिअरिंग आलं.

मग तोच शब्द फाइलमध्ये पाठवा. प्रोग्रामच्या नावापुढे ‘मोठे’ची खूण म्हणजे उलटा बाण देऊन, ‘यादी डॉट टीएक्सटी’. पडद्यावर सुरळीत छापणारा पायथन बऱ्याच विंडोज मशीनवर इथे कोसळतो आणि ‘युनिकोड एन्कोड एरर’ देतो. डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या ३.६ पासून पडद्यासाठी युटीएफ-८ हे एन्कोडिंग वापरलं जातं, पण फाइलकडे वळवलं की विंडोजचा जुना तक्ता पुढे येतो, आणि त्या तक्त्यात देवनागरीला जागाच नाही. उपाय सोपा आहे: मशीनवर ‘पायथनयुटीएफ८’ नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बनवून त्याची किंमत १ ठेवा. ‘जोहे’ फाइलमध्ये गेला की फाइलचा आकार पाहा. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला युटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात. चार चिन्हांचे बारा, आणि ओळ संपल्याचे एक-दोन.

हे मी उगाच ताणत नाही. उद्या तुम्ही वस्तीतल्या शिष्यवृत्तीच्या अर्जांची यादी कराल, मोहल्ल्यातल्या आरोग्य शिबिराची नोंद कराल. नावं मराठीत असतील, उर्दूतही असतील. इंग्रजीत चाललं म्हणून चालतंय असं मानलं, तर यादी छापायच्या दिवशी एखाद्या आजीच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हं येतील.

नोडचं उदाहरण तर फारच बोलकं आहे, कारण तिथे चूक दिसतसुद्धा नाही. समजा इथल्या एखाद्या गणपती कारखान्यासाठी तुम्ही बिलं काढायचा प्रोग्राम लिहिला. वर्षाची उलाढाल साडेबारा लाख. जावास्क्रिप्टमध्ये त्या आकड्याला ‘टू लोकेल स्ट्रिंग’ म्हणायचं आणि कंसात मराठी-भारताची खूण ‘एमआर-आयएन’ द्यायची. नीट बसलेला नोड १२,५०,००० असं उत्तर देतो, देवनागरी आकडे आणि लाखाचा स्वल्पविराम दोन्ही बरोबर. पण जुन्या नोडमध्ये डाउनलोड लहान ठेवण्यासाठी फक्त इंग्रजीची माहिती भरलेली असे. तो तक्रार करत नसे, लाल अक्षर नाही, काही नाही. इंग्रजी आकड्यांत, अमेरिकेच्या पद्धतीने मिलियनचा स्वल्पविराम टाकून मोकळा होई. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या नोड १३ पासून सगळ्या भाषांची माहिती आपोआप येते. तरी जागा वाचवायला कोणी काटछाट करून बनवलेला नोड आजही गाठ पडू शकतो. व्हर्जन विचारलं तर तो ऐटीत आकडा सांगेल. त्याला साडेबारा लाख लिहायला सांगा.

उरलेलं भराभर सांगतो. पायथनमध्ये ‘इम्पोर्ट एसएसएल’ करून पाहा. कोणी स्वतः बनवलेल्या पायथनमध्ये हे कधीकधी नसतं आणि मग पिपला इंटरनेटवरून काही आणता येत नाही. ‘एसक्यूलाइट३’ पाहा, डेटाबेससाठी लागेल. उबुंटूवर खिडक्या काढणारं ‘टीकेइंटर’ वेगळं बसवावं लागतं. ‘झोनइन्फो’ला आशिया/कोलकाता विचारा. विंडोजवर ते बहुधा नाही म्हणेल, कारण विंडोजकडे त्या स्वरूपातली वेळेची माहिती नसते. ‘टीझेडडेटा’ हे पॅकेज आणा.

लाल अक्षरं आली तर पायथनमध्ये सगळ्यात खालची ओळ आधी वाचा. काय बिघडलं ते तिथे असतं, कुठे बिघडलं ते तिच्या वरच्या ओळींत. इंग्रजी कच्चं असेल तर ती एक ओळ वहीत उतरवा आणि शेजारच्याला दाखवा. ‘माझं चालत नाही’ एवढं सांगू नका. कोणती कमांड दिली, काय अपेक्षित होतं, काय आलं, या तीन गोष्टी सांगा. तुमच्यातले जे हंगामात रंगकामाला जातात त्यांना हे सांगायला नको. मालकाला नुसतं ‘मूर्ती बिघडली’ म्हटलं तर तो काय करणार? हात तुटला, तडा गेला की रंग फुटला, ते सांगावं लागतं.

चला, लॅपटॉप उघडा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी शेजारी बसा, आणि ज्याचं मशीन आहे त्याने टायपिंग शेजाऱ्याकडे द्या. वहीच्या एका पानावर व्हर्जन, पत्ता, एक भागिले दोन, ‘जोहे’ची लांबी आणि फाइलचा आकार, एवढं लिहून माझ्याकडे आणा. ज्यांचं लांबीचं उत्तर ४ आलं नाही त्यांनी आधी या, त्यांचं मशीन मला बघायचं आहे.