घरघर सुरू झाली की आधी गोळी नको



पावसाळा लागला की गटांमधून फोन सुरू होतात. "ताई, पिल्लं घरघर करतात, नाकातून पाणी येतं, दाणा सोडलाय. कोणती गोळी देऊ?" कोंबड्या दगावल्या तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही, म्हणून घाई होते. पण आधी कोंबडीच्या आत काय चाललंय ते समजून घेऊ.

कोंबडीच्या श्वासनलिकेला आतून अगदी बारीक केसांचं अस्तर असतं. ते केस सतत हलून धूळ आणि जंतू बाहेर ढकलतात. आपण ओटीवर केरसुणी फिरवतो, तसंच. मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा, किंवा ब्रॉन्कायटिसचा विषाणू या अस्तरावर घाव घालतो आणि ही केरसुणी बंद पडते. खुराड्यातल्या विष्ठेच्या धुळीत ई. कोलाय नावाचा जिवाणू असतोच. एरवी तो फारसा त्रास देत नाही. आता त्याला वाट मोकळी होते. तो हवेच्या पिशव्यांत उतरतो, रक्तात जातो, हृदयावर आणि यकृतावर पांढरट-पिवळट थर धरतो. म्हणजे पहिला घाव विषाणूचा, पण पुष्कळदा जीव घेतो तो मागून आलेला जिवाणू.

गंबोरोची तऱ्हा वेगळी. कोंबडीच्या शेपटीखाली, आतल्या बाजूला एक लहान पिशवी असते. रोगाशी लढणाऱ्या पेशी तिथे तयार होतात. गंबोरोचा विषाणू तीच पिशवी खराब करतो. वाचलेलं पिल्लू वरून धडधाकट दिसतं, पण पुढे साध्या जिवाणूलाही बळी पडतं आणि त्याला मानमोडीची लसही नीट लागू पडत नाही.

कधी जिवाणूही विषाणूला हात देतो. फ्लूच्या विषाणूला पेशीत शिरण्यासाठी आपल्या अंगावरचं एक प्रथिन कापलं जावं लागतं. काही जिवाणूंच्या स्रावातून ते काम होऊन जातं. म्हणून सौम्य फ्लूसुद्धा जिवाणूंच्या सोबतीने भारी पडतो.

आता गोळीचं बघू. अँटिबायोटिक जिवाणूला मारतं, विषाणूला नाही. ते डॉक्टरांनी सांगितलं तरच द्यायचं, आणि त्यांनी सांगितलेले दिवस संपेपर्यंत अंडी किंवा कोंबडी विकायची नाही. उगाच दिलेल्या औषधाला जिवाणू सरावतात आणि मग तेच औषध माणसांनाही लागू पडत नाही. याच काळजीपोटी केंद्र सरकारने 2019 मध्ये खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत कोलिस्टिनवर बंदी घातली.

मग आपल्या हातात काय? आधी लस. मानमोडीचा पहिला थेंब साधारण 5 ते 7 दिवसांच्या पिल्लाला डोळ्यात किंवा नाकात, गंबोरोची लस दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास. पुढचे डोस दवाखान्यात विचारून वहीत लिहून ठेवा. लस बर्फात आणा. पाण्यातून द्यायची असेल तर नळाचं पाणी नको, त्यातलं क्लोरीन लस मारून टाकतं. आजारी पिल्लांना लस देऊ नका.

दुसरं, तूस कोरडं ठेवा. खुराड्यात वाकल्यावर आपले डोळे चुरचुरले, तर तोच वास कोंबडीच्या श्वासनलिकेचं अस्तर जाळतोय हे ओळखा. पावसाच्या झडीसाठी प्लास्टिक बांधा, पण वरून हवा खेळती राहू द्या. बाजारातून आणलेली नवी कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा.

तिसरं, मर अचानक वाढली तर लपवू नका. मेलेली कोंबडी ओढ्यात टाकू नका, आजारी कोंबड्या घाईने विकू नका. फेब्रुवारी 2022 मध्ये आपल्याच शहापूर तालुक्यात वेहळोलीला कोंबड्या मेल्या, तपासणीत बर्ड फ्लू निघाला आणि एक किलोमीटरच्या आतल्या सुमारे 25 हजार कोंबड्या मारण्याचा निर्णय झाला. घरघर मानमोडीची की बर्ड फ्लूची, हे नुसतं बघून आपल्याला कळत नाही. ते प्रयोगशाळाच सांगते. म्हणून त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

येत्या मासिक बैठकीत हप्त्याच्या वहीशेजारी लसीची वहीही ठेवा. पिल्लं कोणत्या तारखेची, लस कधी दिली, मर किती झाली, एवढंच लिहायचं. डॉक्टर आले की ती वही आधी त्यांच्या हातात द्या.